गोल पोटाचं जुनं मेंडोलिन: कुठलं आणि किती सालचं, हे घरच्या घरी कसं ओळखाल

सगळ्यात आधी तारा सैल करा. माळ्यावरून गोल पोटाचं मेंडोलिन खाली आलं की घरातला एखादा हौशी भाचा लगेच खुंट्या पिळून ते सुरात लावायला बसतो. आठ पोलादी तारांचा ताण काही थोडाथोडका नसतो. चाळीस पावसाळे माळ्यावर काढलेल्या वाद्याचा सरस कधीच मेलेला असतो. मग दांडी पोटापासून उचकटते नाहीतर तबली, म्हणजे पोटावरचं पुढचं लाकडी पान, घोडीखाली (जिच्यावर तारा टेकतात तिच्याखाली) बसते, आणि ते माझ्याकडे दोन तुकड्यांत येतं. तेव्हा प्रत्येक खुंटी दोन-तीन फेरे ढिली करा. तारा काढून टाकू मात्र नका, कारण घोडी तबलीला चिकटवलेली नसते. ती नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते, तारा निघाल्या की घरंगळते आणि केराच्या सुपलीत जाते. घोडी हरवलेली मेंडोलिनं मी भरपूर पाहिली आहेत.

मी गिरगावात राहतो. परळला एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून तंतुवाद्यं दुरुस्त करतो: सतार, व्हायोलिन, हवाईयन गिटार आणि अधूनमधून हे मेंडोलिन. आणणारा माणूस दोन प्रश्न विचारतो, "काका, किती जुनं असेल?" आणि लगेच दुसऱ्या दमात, "किती येतील?" दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर फारसं अवलंबून नाही, हे पचवायला जरा वेळ लागतो. पहिल्याचं उत्तर मात्र तुम्ही स्वतः बऱ्यापैकी काढू शकता.

सामान फार लागत नाही. मोबाइलचा टॉर्च, दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा, जवाहिऱ्याचं दहापटीचं भिंग, स्टीलची पट्टी, मऊ ब्रश. आणि नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च, तो लोहार चाळीत मिळतो. तो कशाला, ते पुढे सांगतो.

नियम एकच, आणि तो टूलरूममध्ये कुठल्याही जुन्या मशिनला लावतात तोच. वाद्याच्या प्रत्येक भागाला स्वतःचं वय असतं. आधी मूळचे भाग कुठले आणि मागून बसवलेले कुठले, ते वेगळं करायचं. मग मूळ भागांतला सगळ्यात अलीकडचा भाग ज्या सालाआधी बनूच शकला नसता, त्या सालापलीकडे वाद्याचं वय नेता येत नाही. लेबल हा त्या अनेक भागांपैकी एक, इतकंच. लोक लेबलापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात.

आधी जात बघा

तारा मोजा. आठ तारा, चार जोड्या, व्हायोलिनसारखं सा-प लावणं, म्हणजे जी-डी-ए-ई, तर ते नेपल्सच्या धाटणीचं. मुंबईत दिसणारी जवळजवळ सगळी याच धाटणीची. सहा जोड्या असतील आणि घोडी तबलीला गिटारसारखी चिकटवलेली असेल तर ते मिलानच्या धाटणीचं. त्याला मुळात आतड्याच्या तारा असायच्या, त्यावर पोलादी तारा चढवल्यात तर ते जिवानिशी जाईल.

मग पट्टी घ्या. नटापासून (डोक्याजवळ तारा जिच्यावर टेकतात ती कड) दांडीवरच्या बाराव्या आडव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. ३३ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर मेंडोलिन. ४० च्या पुढे गेलं तर त्याचा थोरला भाऊ, मेंडोला. ६५ च्याही पुढे गेलं आणि दांडी हातभर लांब असेल तर तुमच्या हातात ग्रीक बुझुकी आहे, आणि हा लेख तुमच्यासाठी नाही.

आता वाद्य डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरा आणि तबली बाजूने बघा. नेपल्सच्या मेंडोलिनची तबली सपाट नसते. घोडीच्या जवळ तिला आडवा मोड असतो आणि तिथून ती शेपटीकडे उतरते. लाकूड तापवून हा मोड काढतात, त्यामुळे तबली तारांचा दाब पेलते. हा मोड मुळातला असतो. "तबली वाकली आहे" म्हणून तो सरळ करायला निघालेले कारागीर मला ठाऊक आहेत. मोड आणि खड्डा यांत फरक करा: मोड काठापासून काठापर्यंत एका रेषेत जातो, खड्डा फक्त घोडीखाली बशीसारखा दिसतो.

पोट

मेंडोलिनचं पोट कलिंगडाच्या फाकांसारख्या वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून बनतं. या पट्ट्या मोजा. स्वस्त वाद्याला नऊ-दहापासून पंधरापर्यंत असतात, बऱ्यापैकी वाद्याला वीस-पंचवीस, उंची वाद्याला तिशीच्याही वर. काही उत्तम वाद्यांत प्रत्येक पट्टी बाहेरून पन्हळीसारखी कोरलेली असते, बोट फिरवलं की लाटा लागतात. पट्ट्यांवरून साल कळत नाही. कुठल्या दराचं काम आहे ते कळतं, आणि तेवढं कळलं तरी अर्धी दिशा मिळते. पट्ट्या बहुधा रोजवुडच्या, नाहीतर मेपलच्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये फिक्या लाकडाची बारीक रेघ घातली असेल तर करणाऱ्याने वेळ दिला आहे.

पट्ट्या रंगवलेल्या आहेत का, ते बघा. स्वस्त कामात फिक्या लाकडावर रोजवुडचा रंग मारलेला असतो. शेपटीजवळ किंवा मनगट घासून जिथे पॉलिश गेलं आहे तिथे भिंग लावा, खालचं पांढरं लाकूड डोकावतं.

डोकं, खुंट्या, पडदे

साल काढायला हा भाग सगळ्यात कामाचा, म्हणून इथे सावकाश जा.

लाकडाच्या पिळायच्या खुंट्या, हाडाचे किंवा हस्तिदंताचे पडदे, आणि दांडीवरची बोटांची पट्टी तबलीच्या पातळीतच संपलेली, हे तिन्ही एकत्र दिसलं तर वाद्य अठराव्या शतकाच्या घडणीचं. मुंबईतल्या माळ्यावर असं निघेल, ही आशा सोडून द्या. मी फक्त फोटोत पाहिलंय.

आज आपण जे मेंडोलिन ओळखतो ते नेपल्सच्या पास्क्वाले विनाचियाने १८३५ च्या सुमारास घडवलं. पोलादी तारा, त्या पेलतील असे दात्यांचे खुंट्यांचे यंत्र, आणि तबलीवर पुढे सरकलेली, तिच्यापेक्षा उंच बोटांची पट्टी. म्हणजे तुमच्या वाद्याला मुळातच दात्यांच्या खुंट्या असतील तर १८३५ च्या आधीचा विचार बाद. मुळातच, हा शब्द महत्त्वाचा. डोक्याच्या मागची पत्र्याची पट्टी बघा. तिच्या कडेने लाकडावर जुन्या, वेगळ्या आकाराच्या पट्टीची फिकट सावली आहे का? बुजवलेली स्क्रूची भोकं आहेत का? असतील तर यंत्र बदललेलं आहे, त्याची साक्ष मूळ वाद्यासाठी काढू नका.

स्क्रू नीट बघा. अधिक चिन्हाची खाच असलेला फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत आला. तो ज्या भागाला लागला आहे तो भाग त्यानंतरचा, निदान त्यानंतर उघडलेला. जुन्या स्क्रूला एकच सरळ खाच असते, आणि हाताने कापलेली असेल तर ती नेमकी मध्यावर नसते. टूलरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे मला ही तिरकी खाच बघायला फार आवडते.

खुंट्यांच्या बटणांवर भिंग धरा. हाडाच्या बटणावर बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंतात ठिपके नसतात, कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. प्लास्टिकमध्ये यातलं काहीच नसतं, साच्याची शिवण तेवढी सापडते.

पडद्यांचंही तसंच. जुन्या वाद्यात खाचेत ठोकलेली सपाट, सरळ धातूची पट्टी असते. पुढे डोकं रुंद आणि पाय बारीक असलेली, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची तार सर्रास झाली. नवे पडदे घातलेले असतील तर पट्टीच्या कडेला लाकूड भरल्याच्या खुणा राहतात.

डोक्याचा आकारही बोलतो. नेपल्सच्या वाद्याचं डोकं बहुधा सपाट, खुंट्यांच्या दांड्या समोरून वर आलेल्या. रोमची तऱ्हा वेगळी: दांडी अरुंद आणि मागून व्ही आकाराची, बोटांची पट्टी व्हायोलिनसारखी गोलाईची, डोक्याला खाचा आणि खुंट्या बाजूला. रोमचा लुइजी एम्बर्गर (१८५६ ते १९४३) या तऱ्हेचा बादशहा. नेपल्समध्ये त्याच तोलाचा राफाएले कालाचे (१८६३ ते १९३४), तो स्वतः मोठा वादक आणि संगीतकारही होता. या दोघांपैकी कुणाचं खरं वाद्य घरात निघालं तर माझ्याकडेसुद्धा आणू नका. जो याच वाद्यांवर काम करतो अशालाच दाखवा.

कासवाची पाठ

तबलीवर, भोकाशेजारी, मिजराबीचे ओरखडे पडू नयेत म्हणून एक गडद तपकिरी पत्रा बसवलेला असतो. त्यावर बहुतेक वेळा शिंपल्याचं फुलपाखरू नाहीतर फुलांची वेल. मालक अभिमानाने सांगतात, "हे कासवाच्या पाठीचं आहे." क्वचित असतंही. बहुतेक वेळा ते सेल्युलॉइड असतं, म्हणजे १८७० नंतरचं, कारण सेल्युलॉइडचा धंदाच तेव्हा अमेरिकेत सुरू झाला. बोटाने जोरात घासून वास घ्या, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. भिंगातून बघितलंत तर खऱ्या कासवाच्या पाठीतले तपकिरी डाग बारीक बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसतात, सेल्युलॉइडमध्ये रंग ढगासारखा पसरलेला असतो.

काही जण गरम सुई टोचून वास घ्यायला सांगतात. चुकूनही करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं, आणि शेजारी शंभर वर्षं वाळलेलं स्प्रूसचं लाकूड असतं.

आणि खरंच कासवाची पाठ किंवा हस्तिदंत निघालं तर ते वाद्य विकायच्या भानगडीत पडण्याआधी वकिलाला विचारा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्या व्यापाराला आडवा येतो, वस्तू आजोबांची असली तरी.

आता लेबल

आरसा भोकातून आत घाला, मोबाइलचा उजेड तिरका टाका. लेबल बहुधा पोटाच्या मधल्या पट्टीवर, भोकाच्या अगदी समोर असतं. हात लावायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं तर मुळीच नाही. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्याने फोटो काढता आला तर उत्तम, नंतर मोठा करून निवांत वाचा.

लेबलवरून साल काढायच्या तीन-चार युक्त्या आहेत.

पदकं. इटालियन कारागिरांना पदकं मिरवायची भारी हौस. लेबलवर प्रदर्शनांची नावं आणि सालं छापलेली असतील तर त्यातलं शेवटचं साल घ्या. लेबल त्यानंतरचंच.

राजघराणं. विनाचिया बंधूंच्या लेबलवर आपण इटलीच्या महाराणीचे मेंडोलिन बनवणारे, असा उल्लेख येतो. ती महाराणी म्हणजे मार्गेरिता, स्वतः मेंडोलिन वाजवायची. ती राणी झाली १८७८ मध्ये. असा उल्लेख असलेलं लेबल त्याआधीचं असणार नाही.

छापील अर्धवट साल. "१८९" इतकं छापलेलं आणि शेवटचा आकडा शाईने, असं असेल तर लेबलं त्या दशकात छापली होती. मात्र छापलेला गठ्ठा संपेपर्यंत कारागीर खाडाखोड करून तीच लेबलं वापरायचा, तेव्हा शाईचा आकडा छापील आकड्यापेक्षा जास्त माना.

देशाचं नाव. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने, १८९१ पासून, आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. ब्रिटनमध्ये असा कायदा १८८७ चा आणि हिंदुस्थानात त्याच धर्तीवर १८८९ चा. त्यामुळे "इटली" किंवा "जर्मनी" असा इंग्रजी शिक्का असेल तर वाद्य साधारण त्यानंतरचं. जर्मन वाद्यावर डी.आर.जी.एम. (जर्मनीतली नमुन्यांची नोंदणी) ही अक्षरं असतील तर १८९१ नंतरचं, कारण ती नोंदणीच तेव्हा सुरू झाली. "यू.एस. झोन जर्मनी" म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची चार-पाच वर्षं. "ऑक्युपाइड जपान" म्हणजे १९४५ ते १९५२.

अमेरिकन वाद्यं इथे क्वचित. शिकागोच्या लायन अँड हीलीची वॉशबर्न आणि मार्टिनची गोल पोटाची मेंडोलिनं यांवर क्रमांक ठोकलेले असतात. मार्टिनने मेंडोलिनचे क्रमांक गिटारपासून वेगळे ठेवले होते, तेव्हा गिटारची यादी लावून साल काढू नका.

आता यूव्ही टॉर्च. खोलीत अंधार करा आणि लेबलवर मारा. कागद निळसर पांढरा झगझगीत उजळला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात १९५० च्या सुमारापासून येऊ लागलं. "१८९६, नेपल्स" लिहिलेला कागद नव्या शर्टासारखा चमकला तर काय समजायचं ते समजा. नंतर भिंग लावा. जुन्या छापखान्याच्या खिळ्यांनी कागद किंचित दबलेला असतो, अक्षराच्या कडेला शाई जमलेली असते. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते प्रिंटरमधून आलंय. मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून पिवळं केलेलं लेबलही मी एकदा पाहिलंय. विकणाऱ्याने किनारीला तपकिरी ओघळ राहू दिले होते.

एक मेंडोलिन, टेबलावर

हे सगळं एकत्र कसं वाचायचं, ते सांगायला एक उदाहरण घेतो. बोरिवलीच्या एक बाई सासऱ्यांचं मेंडोलिन घेऊन आल्या. घरात समज असा, की वाद्य दीडशे वर्षांचं आहे आणि सासऱ्यांनी ते "सज्जादसाहेबांकडून" घेतलं. सज्जाद हुसेन, संगीतकार आणि मेंडोलिनचे अफाट वादक, मुंबईतच राहायचे, १९९५ मध्ये गेले. त्यांनी हातात धरलेलं म्हणून माझ्याकडे इतकी मेंडोलिनं आली आहेत, की माणसाला रियाज करायला वेळ कधी मिळाला असेल असा प्रश्न पडतो. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांतही मेंडोलिन वाजवायचे, त्यांच्या नावाचं अजून कुणी आणलं नाही, आणतील.

पट्ट्या पंधरा, रोजवुडच्या, मध्ये रेघ नाही. स्वस्त दराचं काम. पोटाच्या वरच्या अंगाला, दांडीच्या दोन्ही बाजूंना, हवेसाठी ठेवल्यासारखी लांबट भोकं. हे दिसताच माझे कान टवकारले, कारण ही खूण नेपल्सच्या जोव्हान्नी दे मेल्योच्या वाद्यांची. त्याची ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला इतकी खपली, की इतरांनी तिची मनसोक्त नक्कल केली. सिसिलीतल्या कातानिया शहरातल्या कारखान्यांतून तर अशी वाद्यं ढिगाने बाहेर पडली. आरसा आत घातला. लेबलचा डावा भाग कसरीने खाल्लेला. उरलेल्यात "दे मेल्यो पद्धत" अशा अर्थाचे इटालियन शब्द. "पद्धत" लिहिलेलं लेबल म्हणजे बहुधा नक्कलच. दे मेल्योच्या स्वतःच्या लेबलवर सही आणि साल असतं.

लेबलच्या शेजारी दुसरी चिठ्ठी, मुंबईतल्या दुकानाची. पत्त्यात "धोबी तलाव, बॉम्बे २", कोपऱ्यात पेन्सिलने किंमत, ४५-८-०. इथे आपला स्थानिक इतिहास कामाला येतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आले, त्याआधी नुसता विभागाचा आकडा. आणि पंचेचाळीस रुपये आठ आणे शून्य पै हा हिशोब १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा संपला. म्हणजे दुकानात ते १९५७ च्या आधी विकलं गेलं. दुकानाच्या चिठ्ठीवरून विक्री कधी झाली ते कळतं, वाद्य कधी बनलं ते नाही. धोबी तलावच्या दुकानांत आणि गोव्याच्या वादकांत जुनी वाद्यं पुन्हा पुन्हा हात बदलायची.

पुढे आरसा थोडा फिरवला तर दोन पट्ट्यांच्या उघडलेल्या सांध्यावर आतून कागदाची पट्टी, त्यावर मराठी छपाई. वर्तमानपत्राच्या नावाची दोनच अक्षरं शाबूत, "काळ", पण वळण नवाकाळचं. नवाकाळ १९२३ मध्ये निघाला, तेव्हा ही दुरुस्ती त्यानंतरची. कागदाखालचा डिंक पांढरट, नखाने दाबला तर रबरासारखा. मूळ जुना सरस मधाच्या रंगाचा आणि काचेसारखा तडकणारा असतो. पांढरा रबरी म्हणजे फेव्हिकॉलच्या जातीचा, आणि फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ मध्ये. खुंट्यांचं यंत्र नवं, प्लास्टिकची बटणं, जुन्या पट्टीची सावली चक्क बोटभर बाहेर.

बाईंना कागदावर लिहून दिलं: इटली, बहुधा कातानिया, दे मेल्यो नमुन्याची नक्कल, साधारण १८९५ ते १९१५. मुंबईत १९५७ पूर्वी विक्री. १९५९ नंतर दुरुस्ती. खुंट्या बदललेल्या, घोडी मूळ. सज्जादसाहेबांबद्दल वाद्याच्या अंगावर काहीच पुरावा नाही. त्या म्हणाल्या, "सासूबाईंना हे सांगू नका हं." नाही सांगितलं.

साल नेमकं का सांगता येत नाही

१८८० ते १९२० या काळात मेंडोलिनचं वेड युरोप-अमेरिकेत इतकं पसरलं होतं, की नेपल्स, कातानिया, जर्मनीतलं मार्कनॉयकिर्शन इथून लाखांनी वाद्यं निघाली. स्वस्त वाद्यांवर करणाऱ्याचं नावच नसतं, असलं तर विकणाऱ्याचं. अशा वाद्याचं वीस वर्षांच्या टप्प्यात साल सांगता आलं तरी पुष्कळ झालं. जो कुणी तुम्हाला लेबल नसलेल्या मेंडोलिनचं "१८८७" असं नेमकं साल सांगेल, त्याला ते विकायचं आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. गोल पोट म्हणजे जुनं, असं नाही. जपानमध्ये ही वाद्यं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही जोरात बनत होती, सुझुकी नावाची तर इथेही दिसतात. रुमानियातल्या रेगिन गावी १९५१ पासून वाद्यांचा कारखाना आहे. पूर्व जर्मनीतूनही आली. जाड, काचेसारखं एकसंध पॉलिश, साच्यातून काढलेली प्लास्टिकची कड, फिलिप्स स्क्रू, हे सगळं मूळचं दिसलं तर वाद्य तुमच्याच वयाचं असू शकेल. अंधारलेल्या रंगावर जाऊ नका. स्वयंपाकघराच्या माळ्यावर फोडणीच्या धुराने दहा वर्षांत कुठलंही लाकूड शंभर वर्षांचं दिसतं.

झीज खोटी करता येते, पण सुसंगत करता येत नाही. खरोखर वाजलेल्या वाद्यात पहिल्या पाच-सात पडद्यांवर तारांखाली खळगे पडतात, दांडीच्या मागे अंगठ्याच्या जागी पॉलिश जातं, भोकाच्या कडेला मिजराबीच्या रेघा उठतात. हे तिन्ही एकाच वादकाच्या हाताशी जुळायला हवं. पडदे कोरे आणि कडा मात्र घासलेल्या, असं असेल तर ती झीज सँडपेपरची.

किमतीचं

शंभर वर्षांची बहुतेक गोल पोटाची मेंडोलिनं स्वस्तातलीच होती आणि आजही स्वस्तच आहेत. दांडी उचलली आहे का ते आधी बघा: बाराव्या पडद्यावर तार पडद्यापासून चार मिलिमीटरहून जास्त वर असेल तर दांडी वाकली किंवा सांधा सरकला. आत पोलादी सळई नसते, घोडी तासून किती खाली आणणार? अशा दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीवर जातो, आणि मी तो करू नका म्हणूनच सांगतो. भिंतीवर लावा, छान दिसतं. दांडी सरळ असेल, सांधे मिटलेले असतील, तर सगळ्यात हलक्या तारांचा संच घालून वाजवा. बाजारात सहज मिळणारा जाड संच सपाट पाठीच्या अमेरिकन मेंडोलिनसाठी असतो, तो यावर नको.

परदेशातल्या भावाला पाठवायचं असेल तर साल काढण्याला वेगळाच अर्थ येतो. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्याच पुरावशेष कायद्याचं बंधन आहे. सीमाशुल्कवाल्यांनी अडवल्यावर धावपळ करण्यापेक्षा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आधी चौकशी केलेली बरी.

शेवटी तुम्ही जे काढलंत ते लिहून ठेवा. मूळ भाग कुठले, बदललेले कुठले, कुठल्या खुणेवरून कुठलं साल, आणि खाली तारीख. लेबल, डोक्याची मागची बाजू, शेपटी आणि पोटाचे सांधे यांचे फोटो काढा. हा कागद वाद्याच्या आत चिकटवू नका, पेटीत ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा बदला. पॉलिश, तेल, लिंबाचा रस, यूट्यूबवरचं काहीही लावू नका. कोरडं फडकं पुरे.